बर्फ की झोप: नायगावच्या एका जोडप्याने हनिमूनची जागा कशी ठरवली

मुलगा एकोणतीस वर्षांचा, अंधेरीला बँकेत. मुलगी सत्तावीसची, एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका, माहेर डोंबिवलीचं. लग्न फेब्रुवारीतल्या एका रविवारी. मुलाचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत, पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या एका इमारतीत. खोली १६० चौरस फुटांची. तिथे आई, वडील, धाकटा भाऊ आणि लग्नानंतर हे दोघं. हनिमूनसाठी हाताशी एक लाख रुपये, त्यात विमान, राहणं, गाडी, जेवण सगळं बसवायचं. तिला ड्युटीच्या यादीत अदलाबदल करून कशीबशी दोन आठवड्यांची रजा मिळाली होती, लग्नाच्या आदल्या दिवसापासून मोजून. त्याचीही साधारण तेवढीच.

मी दादरला सहली आखून देण्याचं काम करते. या जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांच्यासारखी घरं मुंबईत असंख्य आहेत, आणि अशा घरातल्या मुलांना जागा सुचवताना आपण बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो असं मला मनापासून वाटतं.

साखरपुडा झाल्यावर दोघं आले तेव्हा यादी तयारच होती. त्याच्या मनात काश्मीर: श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम. आईचं म्हणणं मनाली, कारण शेजारच्या खोलीतला मुलगा जाऊन आला होता. वडिलांना वाटत होतं अंदमानला जावं, निदान सेल्युलर जेल बघून होईल. तिच्या भावाने थायलंड सुचवलं होतं. ती स्वतः म्हणाली, "कुठेही चालेल, ताई."

"कुठेही चालेल" म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी नक्की हवं असतं, फक्त ते यादीत नसतं. म्हणून मी दोघांशी वेगवेगळं फोनवर बोलले आणि दोघांनाही एकच विचारलं: तिथे पोचल्यावर पहिल्या सकाळी काय करत असायला आवडेल? तो म्हणाला, पहाटे बाहेर पडून बर्फात उभं राहायचं, तोंडातून वाफ निघताना बघायची. तिने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "मला कुणी उठवायचं नाही. दार आतून लावलेलं असेल आणि बाहेर कुणी आपली वाट बघत नसेल, एवढं झालं तरी पुरे."

ती तीन पाळ्यांत काम करते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलं की झोप दुपारी, तीही तुकड्यातुकड्यांनी. आणि लग्नानंतर ज्या घरात जायचं तिथे दार आतून लावण्याची सोयच नाही. पाच माणसं, एक खोली, बाहेर सगळ्यांचा व्हरांडा. नवीन घर ५०० चौरस फुटांचं मिळणार आहे, पण ते मिळेल तेव्हा. तोपर्यंत या दोघांच्या वाट्याला आलेली बंद दाराची जागा म्हणजे हनिमूनची खोली. म्हणून अशा जोडप्याची सहल किती ठिकाणं झाली यावर मोजू नये. एका खोलीत, एका गादीवर, सामान न आवरता सलग किती काळ राहता आलं यावर मोजावी. हे एकदा ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

लग्नानंतरचा आठवडा

जागा निवडण्याआधी आम्ही लग्नानंतरचे दिवस कागदावर मांडले. रविवारी लग्न. सोमवारी पाहुण्यांची पाठवणी. मंगळवारी सत्यनारायण. बुधवारी रात्री जेजुरीला निघायचं, गुरुवारी खंडोबाचं दर्शन, नवऱ्याने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या, रात्री परत नायगाव. या सगळ्या दिवसांत नवरी सासूबाई आणि आत्यांच्या मध्ये झोपणार, नवरा व्हरांड्यात भावाशेजारी. शुक्रवारी विमान. म्हणजे जे दोन जीव विमानतळावर पोचणार ते सहा दिवसांचे जागलेले असणार. सहा रात्रींची सहल, पुढच्या गुरुवारी परत, शुक्रवार घरी, शनिवारपासून तिची ड्युटी.

याच कागदावर तिने आणखी एक गोष्ट लिहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक जोडपी ती शेवटपर्यंत बोलत नाहीत. तिची मासिक पाळी लग्नाच्या त्याच आठवड्यात, मंगळवारच्या आसपास येणार होती. मुहूर्त काढताना हे कुणी विचारलं नव्हतं. पूजा आणि जेजुरी आडवी आल्यामुळे पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेणं भाग होतं, निदान घरात तरी तसंच गृहीत धरलं होतं. परिचारिका असल्यामुळे पुढचं गणित तिला ठाऊक होतं: या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. गुरुवारी जेजुरीहून परतल्यावर गोळी थांबवायची, म्हणजे शनिवारी किंवा रविवारी, ऐन हनिमूनमध्ये. आणखी आठवडाभर गोळ्या ओढायची तिची तयारी नव्हती. तिने डॉक्टरांचा सल्ला आधीच घेतला होता. मूल इतक्यात नको, हेही दोघांनी त्याच भेटीत बोलून घेतलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे त्या मुलीने डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि मुहूर्त काढतानाच तिला विचारलं तर निम्मा त्रास उरतच नाही. पण एकदा ठरलं की नवऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे. इथे तिने त्याला समोर बसवून सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग समुद्राचं काही नको. आणि जास्त प्रवासाचंही नको." पूर्ण नियोजनातलं सगळ्यात समंजस वाक्य ते, आणि ते माझं नव्हतं.

काय काय गळलं

थायलंड सगळ्यात आधी गेलं. त्याच्याकडे पासपोर्ट होता, तिच्याकडे नव्हता. लग्नाच्या धावपळीत तिने पासपोर्टच्या मागे धावावं असं मला वाटलं नाही.

मनालीत पोचण्यातच जीव जातो. मुंबईहून चंदीगडला उतरून पुढे दिवसभर गाडी, नाहीतर दिल्लीहून रात्रभराची व्होल्वो, आणि परतताना तेच. सहा रात्रींतल्या दोन रस्त्यावर. शिवाय रोहतांग खिंड फेब्रुवारीत बंद असते. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लाहौलच्या बाजूला जाता येतं, पण बर्फ जास्त पडला की तोही रस्ता थांबतो. आईंना मी हे फोनवर समजावलं. त्यांना मनालीच हवं होतं असं नव्हतं. शेजाऱ्यांच्या मुलापेक्षा आपल्या मुलाचं कमी होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि त्यात काही वावगं नाही.

अंदमान फेब्रुवारीत उत्तम असतं, समुद्र शांत, आभाळ स्वच्छ. पण पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, गाठायला मुंबईहून बहुधा विमान बदलावं लागतं. पुढे हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, बोटीने दोनेक तास. तिथल्या सहलीची सगळी मजा पाण्यात उतरण्यात, आणि तिचे नेमके तेच दिवस अडचणीचे. सूर्यही साडेपाचच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांचा दिवस पटकन संपतो. वडिलांची इच्छा मात्र माझ्या मनात राहिली. सेल्युलर जेलला त्यांनी स्वतः, बायकोला घेऊन जावं, तो त्यांचा प्रवास आहे, असं मी मुलाला सांगितलं.

कोकणाचं नाव मीच काढलं होतं. कोकणकन्येने रात्री निघायचं, सकाळी कुडाळ, तिथून तारकर्ली किंवा भोगवे. पैसे निम्म्याने वाचले असते. पण मालवणात त्याची सख्खी मावशी, कुडाळला चुलत काका. मालवणात उतरून मावशीकडे जेवायला न जाणं कोकणी माणसाला जमत नाही, आणि नवी सून घेऊन एका घरी गेलं की ओट्या भरत सात घरं होतात. हनिमूनला ज्या गावात आपलं कुणी नाही ते गाव निवडावं. मुंबईकराला हा नियम तर फारच लागू पडतो, कारण अर्ध्या मुंबईचं गाव कोकणात किंवा घाटावर असतंच.

महाबळेश्वरही त्याच कारणाने मागे पडलं. त्याच्या बँकेतले चार सहकारी दर हिवाळ्यात तिथेच, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत.

काश्मीरचं काय करायचं

यावर मात्र आम्ही खूप वेळ घालवला, कारण ती त्याची खरी इच्छा होती. त्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ असतो. तिथल्या गंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला पावणेचार हजार मीटरच्या वर नेतो. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. नेहमीची काश्मीर सहल घेतली तर पाच रात्रींत चार हॉटेलं होतात, पण मी त्यांना दुसरा आराखडाही करून दिला होता: तीन रात्री गुलमर्ग, दोन श्रीनगर, बाकी काही नाही. तो आराखडा चांगला होता, आजही मी तो इतरांना देते.

अडलं तीन ठिकाणी. खर्च आमच्या हिशोबात एक लाख वीस हजारांच्या पुढे जात होता, कारण गुलमर्गला बर्फाच्या दिवसांत खोल्या महाग असतात. बर्फवृष्टीने रस्ता किंवा विमान अडलं तर तिची शनिवारची ड्युटी चुकणार होती आणि बदली द्यायला कुणी नव्हतं. तिसरं घरच्यांच्या मनाचं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये पर्यटकांवर हल्ला झाला. मारल्या गेलेल्यांमध्ये तिच्या माहेरच्या डोंबिवलीचीही माणसं होती. तिची आई काश्मीर हे नाव निघालं की गप्प व्हायची. त्यानंतरही लोक जातात, मी स्वतः पाठवते, काश्मिरी माणसाच्या पोटाचा तो प्रश्न आहे आणि त्यांचं आदरातिथ्य मी अनुभवलेलं आहे. पण लेक सासरी गेली त्याच आठवड्यात आईला रोज फोनकडे बघत बसायला लावायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात दोघांचेही मोबाइल प्रीपेड. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचे प्रीपेड नंबर चालत नाहीत, पोस्टपेडच लागतो. त्या आईला हे सांगायची वेळच आली नाही याचं मला बरं वाटतं.

त्याला वाईट वाटलं. मी समजूत काढायला गेले नाही. फक्त विचारलं की बर्फातलं नेमकं काय हवं आहे. तो म्हणाला, "थंडी. आणि जिथे मला कुणी ओळखत नाही." यातल्या दोन्ही गोष्टी दक्षिणेत मिळू शकतात. बर्फ मिळत नाही, तो राहिला, हे आम्ही तिघांनीही मान्य केलं.

मुन्नार, पण नेहमीचं नाही

केरळची ठरलेली सहा रात्रींची सहल मुंबईत कुठेही मिळते: मुन्नार दोन, थेक्कडी एक, अलेप्पी हाऊसबोट एक, कोवळम दोन. नकाशावर देखणी दिसते. रस्त्यावर मात्र कोची ते मुन्नार चार तास, मुन्नार ते थेक्कडी घाटातून तीन-साडेतीन, तिथून अलेप्पी आणखी तेवढेच, मग पुन्हा कोवळम. एका रात्रीसाठी बॅग उघडायची, सकाळी नऊला बंद करायची. झोपेला आसुसलेल्या जोडप्याला ही सहल देणं मला पटत नाही.

आम्ही ती कापली. शुक्रवारी दुपारचं विमान, कोचीला विमानतळाजवळच पहिली रात्र. त्याच दिवशी घाट चढायचा नाही, कारण दमलेल्या आणि रिकाम्या पोटाच्या माणसाला ती वळणं सोसत नाहीत. शनिवारी आरामात उठून मुन्नारकडे, तिथे एकाच खोलीत चार रात्री. शेवटची रात्र फोर्ट कोचीत. बस.

मुन्नार गावात राहायचं नाही, हे मी ठामपणे सांगितलं. गाव गजबजलेलं आहे, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. आम्ही गावाच्या अलीकडे, चिथिरापुरमच्या बाजूला चहाच्या मळ्यालगतची थोड्या खोल्यांची जागा घेतली. खोली ठरवताना समोरचं दृश्य मी शेवटी विचारते. आधी विचारते ते असं: शेजारच्या खोलीची भिंत सामाईक आहे का, गरम पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळेला, नाश्ता साडेदहानंतर मिळेल का, रात्रीचं जेवण खोलीत आणून देतील का, सकाळी झाडलोट करायला कुणी न विचारता दार वाजवतं का. या प्रश्नांची सरळ उत्तरं जो मालक देतो त्याच्याकडे जोडपं निर्धास्त पाठवावं. गरम पाण्याच्या पिशवीची सोयही विचारून ठेवली होती, पाळीसाठी.

"हनिमून पॅकेज" म्हणून जे देतात, गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, टॉवेलचे हंस, केक, मेणबत्त्यांचं जेवण, ते तिने काढून टाकायला सांगितलं. खोलीत शिरल्यावर आधी दहा मिनिटं फुलं झटकायची आणि वर हॉटेलच्या पोरांनी फोटो काढायचे, हे तिला नको होतं. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण विचारल्याशिवाय कुणाच्या पलंगावर हे मांडू नये.

हाऊसबोटीवरून मात्र घरात चर्चा झाली. केरळला जाऊन बोट नाही म्हणजे काय, असं आईंचं म्हणणं. हाऊसबोट दुपारी निघते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागते, कारण रात्री मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. रात्रभर आपण उभ्या असलेल्या बोटीत असतो. आणि एका खोलीच्या बोटीवरही चालवणारे आणि स्वयंपाक करणारे दोघं-तिघं त्याच बोटीत झोपतात. चाळीतून आलेल्या जोडप्याला लाकडी भिंतीपलीकडे पुन्हा माणसंच. हे सांगितल्यावर आईच म्हणाल्या, "मग नको गं बाई. पैसे देऊन पुन्हा आमच्यासारखंच."

इरविकुलम राष्ट्रीय उद्यान फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला बंद असतं. नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीचे ते दिवस. जाहिरातीतल्या मुन्नारच्या चित्रांत हे उद्यान हमखास असतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. नीलकुरिंजीची फुलंही बारा वर्षांनी येतात, मागे २०१८ ला आली, आता २०३०. तेव्हा या दोघांनी पुन्हा जावं असं मला फार वाटतं.

गाडीबद्दल एक गोष्ट. सहाही दिवस गाडी आणि चालक बांधून घेण्याची पद्धत आहे. आम्ही फक्त चढायला, उतरायला आणि मधे दोन अर्धे दिवस गाडी घेतली. गाडी दारात उभी असली, चालक खाली थांबलेला असला, की माणसाला फिरलंच पाहिजे असं वाटायला लागतं. आपल्या लोकांना तर पैसे दिले आणि वापरले नाहीत ही रुखरुख झोपू देत नाही.

तिकिटावरचं नाव

इथे अपघात होता होता टळला, म्हणून लिहिते. तिकीट काढायला तो बसला तेव्हा त्याने कौतुकाने तिचं नवं नाव टाकलं, मधे स्वतःचं नाव आणि आडनाव आपलं. तिचं आधार कार्ड अर्थातच माहेरच्या नावाचं. विमानतळावर ओळखपत्र आणि तिकीट जुळलं पाहिजे, नाहीतर दारातूनच परत. पैसे भरण्याआधी मला नाव विचारलं म्हणून बचावलो. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही, आणि बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर सावकाश करता येतं. हनिमूनचं तिकीट ज्या नावाचं ओळखपत्र आहे त्याच नावाने. हॉटेलात दोघांची आडनावं वेगळी दिसली म्हणून कुणी उगाच प्रश्न विचारलेच तर लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये असावा, म्हणून तोही घ्यायला सांगितला.

काय झालं

शनिवारी दुपारी ते मुन्नारच्या खोलीत पोचले आणि रविवारी दुपारपर्यंत झोपले. जेवायला उठले, पुन्हा झोपले. पाळी रविवारी रात्री आली, तिच्या हिशोबानुसार. त्याने गरम पाण्याची पिशवी मागवली, शेजारी बसून राहिला. ती मला नंतर म्हणाली की इतक्या वर्षांत वॉर्डात सगळ्यांना पिशव्या दिल्या, पण आपल्याला कुणी आणून देण्याची ही पहिलीच वेळ. सोमवारी थोडा वेळ मट्टुपेट्टी धरणापर्यंत, बुधवारी उतरण्याआधी चहाच्या मळ्यातून पायी एक फेरी. मंगळवारी गाडी ठरलेली होती, ती त्यांनी रद्द केली. फोर्ट कोचीत संध्याकाळी मासेमारीची चिनी जाळी बघितली. सेंट फ्रान्सिस चर्च, जिथे वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं, तिथे जायचं राहिलं.

सगळं चांगलंच झालं असं नाही. सोमवारी रात्री त्याचा चेहरा पडला होता. मित्राने गुलमर्गचे फोटो टाकले होते. तिला ते कळलं, आणि त्यावरून दोघांत थोडं वाजलंही. लग्नानंतरचं पहिलं भांडण चाळीतल्या व्हरांड्यात न होता बंद दाराआड झालं. ते आवाज न दाबता बोलू शकले, आणि कुणी मधे पडायला आलं नाही. बंद दार यासाठीही लागतं.

घरी मुन्नारचे फोटो फक्त अकरा-बारा दाखवायला होते. आत्यांनी विचारलं, एवढंच फिरलात? आईंनी परस्पर उत्तर दिलं, "दमली होती पोरं."

एकूण खर्च ८४ हजारांच्या आसपास आला. उरलेले पैसे त्याने आपल्या नावावर वेगळे ठेवले आहेत, पुढच्या हिवाळ्यातल्या काश्मीरसाठी. २१ डिसेंबरच्या सुमाराला सुरू होणारा चिल्लई कलानचा चाळीस दिवसांचा कडक हिवाळा टाळून फेब्रुवारीत जा, असं मी सुचवलं आहे. गुलमर्ग तीन रात्री, श्रीनगर दोन, तोच जुना आराखडा. तिने रजेच्या यादीत आपलं नाव आत्ताच घातलं आहे, आणि दोघांपैकी एकाचा नंबर पोस्टपेड करून घ्यायचं काम त्याच्याकडे आहे.